‘काहून?’साठी तासिका : माध्यमिक शाळेत प्रगत गणित राबवताना

नागपूरकडच्या वर्गात एखाद्या मुलाला खरोखर शंका आली, की तो ‘का’ असे विचारत नाही. ‘सर, हे असं काहून?’ असे विचारतो. प्रगत गणिताचा अभ्यासक्रम म्हणजे या प्रश्नासाठी वेळापत्रकात अधिकृतपणे राखून ठेवलेली जागा, अशी माझी अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर झालेली समजूत आहे. पुढील विवेचन राज्य मंडळाच्या मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमाच्या, सामान्य साधनांच्या शाळेला डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. मुख्याध्यापकांची संमती, दोन तयार शिक्षक आणि आठवड्यातून एक जोडतासिका एवढे हाती असेल, तर काम सुरू करता येते.

प्रथम ‘प्रगत’ या शब्दाचा अर्थ ठरवावा

शहरातील अनेक खासगी शिकवणी वर्गांत आठवीच्या मुलांना अकरावीचे गणित शिकवणे यालाच प्रगत अभ्यासक्रम म्हटले जाते. मीही पहिल्या वर्षी हीच चूक केली. नववीच्या निवडक मुलांना मर्यादा आणि अवकलन शिकवायला घेतले, मुलांनी सूत्रे पाठ केली, आणि एका मुलीने ‘पण हे शून्याने भागणं नाही का झालं?’ असे विचारले, तेव्हा वेळेअभावी मी तिला ‘पुढे कळेल’ असे उत्तर दिले. दिवाळीपर्यंत निम्मी बाके रिकामी झाली होती. तिचा प्रश्न मात्र त्या संपूर्ण वर्षातील सर्वांत प्रगत गणित होता आणि मी तोच टाळला होता.

म्हणून शाळेने कागदावर लिहून ठेवावे की हा कार्यक्रम वरच्या इयत्तेचा भाग आधी उरकण्यासाठी नाही, तर चालू इयत्तेचाच विषय अधिक खोल नेण्यासाठी आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसारख्या कठीण स्पर्धेतही कलनशास्त्राची (मर्यादा, अवकलन यांच्या गणिताची) गरज पडत नाही; तिथले प्रश्न संख्या सिद्धान्त, बीजगणित, भूमिती आणि मोजणी या चार क्षेत्रांतील असतात व त्यांची मुळे आपल्या नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकांत आहेत.

इतिहासातील एक दाखला येथे उपयोगी पडतो. 1957 मध्ये सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक उपग्रहाने आकाशात झेप घेतल्यानंतर अमेरिकेत शालेय गणित बदलण्याची लाट उसळली. त्याच काळात, 1965 पासून, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील हॉवर्ड फेर यांनी बीजगणित आणि भूमिती असे कप्पे मोडून संच, संबंध, गट यांच्या आधारे एकसंध गणित शिकवणारा माध्यमिक अभ्यासक्रम उभा केला. आशय उत्तम होता, परंतु असे प्रयत्न सार्वत्रिक होऊ शकले नाहीत, कारण शिक्षकांची तयारी, पालकांचा विश्वास आणि बाहेरच्या परीक्षांचे स्वरूप या तीन गोष्टी आशयाच्या वेगाने बदलत नाहीत. आपल्याला आशयापेक्षा या तीन गोष्टींचीच अधिक काळजी वाहावी लागणार आहे.

वेळापत्रक : खरे गणित येथेच सुटते

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की तासिका आखूड होतात. पंधरा फेब्रुवारीनंतर शाळा परीक्षांच्या तयारीत असते. जुलै ते मध्य फेब्रुवारी या काळातून दिवाळीची सुट्टी, घटक चाचण्या, सहामाही परीक्षा आणि स्नेहसंमेलनाचे दिवस वजा केले, तर हाती साधारण 24 आठवडे उरतात. आठवड्याला 70 मिनिटांची एक जोडतासिका धरली, तर संपूर्ण वर्षाला 28 तास मिळतात. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि मगच विषयांची यादी करावी. अन्यथा यादी नेहमी वर्षापेक्षा लांब होते.

जोडतासिकेचा आग्रह मी मुद्दाम धरतो. पस्तीस मिनिटांत हजेरी, गेल्या वेळची उजळणी आणि एक सोडवून दाखवलेले उदाहरण एवढेच बसते; मूल एखाद्या प्रश्नाशी अडून बसले, त्याने दोन चुकीच्या वाटा धरल्या आणि तिसऱ्या वाटेने ते बाहेर आले, हे घडायला तासभर लागतो. शनिवारची शेवटची जोडतासिका सोयीची वाटते, परंतु कामठी, हिंगणा किंवा उमरेड मार्गावरून एसटीने येणाऱ्या मुलांचे लक्ष तेव्हा बसच्या वेळेकडे असते. मधल्या वारी, मधल्या सुट्टीनंतरची वेळ अधिक लाभते. शाळा सुटल्यावर वर्ग ठेवू नये. तसे केल्यास दूरवरची मुले आणि विशेषतः मुली आपोआप गळतात.

मुख्य वर्ष नववीचे मानावे. आठवीत केवळ दुसऱ्या सत्रात ओळख करून द्यावी आणि दहावीचा वर्ग दिवाळीपर्यंतच चालवावा. दहावीच्या मुलांना दिवाळीनंतरही अडकवून ठेवणारा शिक्षक पालकांचा विश्वास गमावतो, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात.

शिक्षकांची तयारी

एकट्या उत्साही शिक्षकावर उभारलेला कार्यक्रम त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर संपतो. म्हणून किमान दोघे असावेत. दुसरा शिक्षक विज्ञानाचा असला तरी चालतो. या दोघांनी आठवड्यातून एकदा 40 मिनिटे एकत्र बसून पुढच्या तासिकेचे प्रश्न स्वतः सोडवावेत. नुसते उत्तर पाहणे म्हणजे सोडवणे नव्हे. आपण जिथे अडलो ती जागा समासात नोंदवावी, कारण मुले बहुधा तिथेच अडतात.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगतो. प्रगत वर्गात शिक्षकाला ‘हे मला आत्ता येत नाही, पुढच्या आठवड्यात पाहू’ असे वर्षातून अनेकदा म्हणावे लागते. वीस वर्षे बिनचूक उदाहरणे सोडवून दाखवणाऱ्या शिक्षकाला ते जड जाते. मलाही गेले. परंतु पुढच्या आठवड्यात खरोखर उत्तर घेऊन गेलो, किंवा एखाद्या मुलानेच ते आणले, की वर्गाचा सूर कायमचा बदलतो.

मुले निवडताना

गुणांची यादी लावून निवड करू नये. वार्षिक परीक्षेत 90 टक्के मिळवणारे मूल पद्धत पाळण्यात तरबेज असते. अनोळखी प्रश्नाशी झुंजण्याची सवय त्याला असेलच असे नाही. मी नववीच्या सर्व तुकड्यांत एकाच दिवशी पुढील प्रश्न देतो.

लागोपाठच्या चार संख्यांचा गुणाकार करून त्यात 1 मिळवा. 1×2×3×4+1 = 25, 2×3×4×5+1 = 121, 3×4×5×6+1 = 361. काय दिसते? नेहमीच तसे घडेल का? काहून?

उत्तरे 5, 11, 19 यांचे वर्ग आहेत हे पुष्कळांना दिसते. काही मुले आणखी पाच-सहा उदाहरणे तपासून ‘नेहमीच घडते’ असे लिहितात. थोडीच मुले अक्षर वापरून पाहतात. पहिल्या संख्येला ‘न’ हे अक्षर दिले, तर न(न+3) = न²+3न आणि (न+1)(न+2) = न²+3न+2 हे दोन गुणाकार एकमेकांपासून 2 ने दूर आहेत; त्यांच्या मधोमध असलेल्या न²+3न+1 या राशीला ‘म’ म्हटले, तर मूळ राशी (म−1)(म+1)+1, म्हणजे म² होते. येथे नववीच्या बहुपदीच्या पलीकडचे काहीही लागत नाही. मी उत्तर पूर्ण आले की नाही हे पाहत नाही. घंटा झाल्यावर कागद परत द्यायला कोण नाखूश आहे, ते पाहतो.

त्यानंतर पहिले चार आठवडे वर्ग सर्वांसाठी खुला ठेवावा. ज्यांना जायचे ती मुले स्वतःहून जातात, आणि वर्गशिक्षकांच्या यादीत कधीच नसलेली दोन-तीन मुले टिकून राहतात. सोडून जाणाऱ्याला कमीपणा वाटेल असे एकही वाक्य कोणी बोलू नये, आणि दिवाळीनंतर परत यायचे असल्यास दार उघडे असावे. वर्गाला ‘हुशार तुकडी’ यासारखे नाव तर मुळीच देऊ नये.

28 तासांत काय बसवावे

चार विषय, प्रत्येकी सहा जोडतासिका. याहून अधिक घेण्याचा मोह टाळावा.

पहिला विषय भागाकारात उरणाऱ्या बाकीच्या अंकगणिताचा. मुलांना भागाकार येतो, परंतु भागाकार विसरून केवळ बाकी सांभाळली तरी खूप काही कळते, हे नवे असते. सुरुवात वारांपासून करावी. 15 ऑगस्ट 1947 रोजी शुक्रवार होता. 26 जानेवारी 1950 पर्यंत 895 दिवस होतात. 895 ला 7 ने भागल्यास बाकी 6 उरते, म्हणून तो गुरुवार. मग प्रत्येकाने आपल्या आजीच्या किंवा आजोबांच्या जन्माचा वार काढावा. एखादे लीप वर्ष विसरणारी मुले एका दिवसाने चुकतात आणि चूक स्वतःच शोधतात. येथून 3, 9, 11 च्या कसोट्यांची कारणे आणि मोठ्या घातांचा शेवटचा अंक इथपर्यंत पोहोचता येते.

दुसरा विषय मोजणीचा. कबुतरखान्याचे तत्त्व शिकवताना मी शहरच वापरतो. 2011 च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांहून अधिक होती. कोणाच्याही डोक्यावर दोन लाख केस नसतात असे मानले, तर केसांची संख्या 0 ते 1,99,999 यांपैकीच काहीतरी असणार. दोन लाख खाने आणि 24 लाखांहून अधिक माणसे. म्हणजे नेमके तितकेच केस असलेले किमान 13 नागपूरकर असलेच पाहिजेत, आणि हे आपण एकाचेही केस न मोजता सांगितले. ‘12 नाही, 13 काहून?’ हा प्रश्न वर्गातून येईपर्यंत थांबावे.

तिसरा विषय सिद्धतेचा. 2 चे वर्गमूळ अपरिमेय असल्याची अप्रत्यक्ष सिद्धता, प्रतिउदाहरण आणि गणितीय विगमन (विधान पहिल्या संख्येला खरे आणि एकीला खरे तर पुढचीलाही खरे, म्हणून सर्वांना खरे) एवढे पुरे. वर्धा मार्गावरचा मेट्रोचा दुमजली पूल 3.14 किलोमीटर लांबीचा असल्याची गिनेस विक्रमात नोंद आहे; ‘हा पूल पाय (π) किलोमीटर लांब आहे का?’ असे विचारले, तर अर्धा वर्ग ‘होय’ म्हणतो. 3.14 आणि 22/7 या दोन्हींपैकी एकही पाय नाही, पहिली संख्या त्याहून किंचित लहान आणि दुसरी किंचित मोठी आहे, हे कळल्यावर मुले अदमास आणि नेमकेपणा यांतील फरक विसरत नाहीत.

चौथा विषय भूमितीचा. दहावीच्या पुस्तकात अपोलोनियसचे प्रमेय आहे, चक्रीय चौकोन (चारही कोपरे एकाच वर्तुळावर असलेला) आहे. त्यांना धरून पुढे जावे. तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ देणारे हेरॉनचे सूत्र मुलांना ठाऊक असते. इसवी सन 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने दिलेल्या चक्रीय चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात एक बाजू शून्य केली की हेरॉनचे सूत्र मिळते, हे मुलांनाच शोधू द्यावे.

एक तासिका, तपशिलाने

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात आणि रस्त्याच्या कडेला त्यांचे मनोरे लागतात. सिद्धतेच्या सहा जोडतासिकांपैकी एक मी या दिवसांत या मनोऱ्यांवर घेतो. तीसेक संत्री वर्गात न्यावीत. तासिकेनंतर ती वाटून खावीत. खर्चाच्या वहीत ही नोंद मी ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून करतो.

मुलांनी चौरस पायाचा मनोरा रचावा : तळाला 16, त्यावर 9, त्यावर 4, टोकाला 1. एकूण 30. दहा थरांना किती? बेरीज करून 385 येते. तीस थरांना किती, असे विचारले की बेरीज कंटाळवाणी होते आणि सूत्राची गरज मुलांना स्वतःला वाटू लागते. सूत्र देण्याआधी येथे पाच मिनिटे गप्प राहणे हा या तासिकेतील सर्वांत कठीण भाग आहे.

मग इशारा द्यावा : (क+1)³ − क³ = 3क²+3क+1. यात क च्या जागी 1, 2, 3 असे ‘न’ (थरांची संख्या) पर्यंत ठेवून सगळे एकाखाली एक लिहावे आणि बेरीज करावी. डावीकडचे जवळजवळ सर्व घन एकमेकांना खाऊन टाकतात आणि (न+1)³ − 1 उरते. उजवीकडे वर्गांच्या बेरजेची तिप्पट, 1 ते ‘न’ च्या बेरजेची तिप्पट आणि ‘न’. यातून न(न+1)(2न+1)/6 हे सूत्र मिळते आणि तीस थरांना 9,455 संत्री लागतात हे एका ओळीत कळते.

आता मनोरा मोडून त्रिकोणी पायाचा रचावा : 10, 6, 3, 1. एकूण 20. आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये अशाच राशीचा, चितिघनाचा, नियम दिला आहे : थरांच्या संख्येपासून सुरू होणाऱ्या लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार करून 6 ने भागा. चार थरांसाठी 4×5×6 भागिले 6, म्हणजे 20. हा नियम सांगून शिक्षकाने बाजूला व्हावे आणि शेवटचा प्रश्न फळ्यावर ठेवावा : चार थरांचा त्रिकोणी मनोरा 20 चा, तीन थरांचा 10 चा, आणि चार थरांचा चौरस मनोरा 30 चा. हा योगायोग आहे का? लागोपाठच्या दोन त्रिकोणी संख्या मिळून एक वर्गसंख्या होते, हे ज्यांना आठवते त्यांना थराथराने उत्तर सापडते.

वेळ उरल्यास खगोलशास्त्रज्ञ केप्लरची गोष्ट सांगावी. फळविक्रेते रचतात त्यापेक्षा दाट रचना शक्य नाही, अशी अटकळ त्याने 1611 मध्ये मांडली. या रचनेत जागेचा सुमारे 74 टक्के भाग भरतो. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी सिद्धता 1998 मध्ये जाहीर केली आणि तिची संगणकाच्या साहाय्याने केलेली काटेकोर तपासणी 2014 मध्ये पूर्ण झाली. चौरस आणि त्रिकोणी पायाचे दोन्ही मनोरे आतून एकाच दाटीचे असतात, हे ऐकून मुले पुन्हा संत्र्यांकडे वळतात.

प्रश्नपत्रक, वही आणि तपासणी

प्रत्येक आठवड्याला एका पानाचे प्रश्नपत्रक असावे. त्यात सहा प्रश्न : दोन सर्वांना जमणारे, तीन झुंज देणारे आणि एक असा, जो वर्षअखेरपर्यंत अनुत्तरित राहिला तरी चालेल. मॉस्कोच्या काही शाळांत मुले अशी पत्रके सोडवून एकेक उत्तर शिक्षकाला तोंडी समजावून सांगतात. ही पद्धत आपल्याकडे उत्तम चालते, कारण पुष्कळ मुलांना बोलताना जे नीट मांडता येते ते लिहिताना सांडते. तोंडी मान्य झालेले उत्तर मग वहीत पूर्ण वाक्यांत लिहून घ्यावे.

वही कच्चीच असावी आणि तिच्यात खोडलेले दिसले पाहिजे. रबर वापरण्यास माझ्या वर्गात मनाई आहे. तपासताना आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडप्रमाणे प्रत्येक प्रश्नाला 0 ते 7 गुण द्यावेत : विचार पूर्ण असून किरकोळ चूक असेल तर 6, दिशा बरोबर पण अर्ध्यावर थांबले तर 2 किंवा 3, आणि कारणाशिवाय नुसते उत्तर असेल तर फार तर 1. हे गुण प्रगतिपुस्तकात जाऊ देऊ नयेत. ते तिथे गेले की मुले सोपे प्रश्न निवडू लागतात.

शाळेच्या दर्शनी फलकावर महिन्याला एक प्रश्न सर्वांसाठी लावावा आणि उत्तरे टाकायला पेटी ठेवावी. हंगेरीत शाळकरी मुलांकडून उत्तरे मागवणारे असे मासिक 1894 पासून निघते. आमच्या पेटीत एकदा शाळेच्या शिपाईमामांचे उत्तर निघाले आणि ते बरोबर होते.

भाषा

सेमी-इंग्रजीच्या मुलांना ‘प्राइम’ माहीत असतो, मराठी माध्यमाच्या मुलांना ‘मूळ संख्या’. दोन्ही शब्दांचा तक्ता भिंतीवर लावावा, परंतु सिद्धता मुलाने ज्या भाषेत विचार केला त्याच भाषेत लिहू द्यावी. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘समजा’, ‘जर-तर’ आणि ‘यावरून’ हे पाच शब्द नीट वापरता आले, तर निम्मी सिद्धता जमते. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांची अदलाबदल हा नववीत आढळणारा सर्वांत सामान्य तार्किक दोष आहे आणि तो मराठीच्या शिक्षकांच्या मदतीने लवकर सुटतो.

पालक आणि परीक्षा

जुलैमध्येच पालकसभा घ्यावी. ‘याने दहावीत किती गुण वाढतील?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला आश्वासन देऊन उत्तर देऊ नये. दहावीच्या गणिताचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि 20 अंतर्गत गुण असतात, त्यांची तयारी नेहमीच्या तासिकांत पूर्ण होईल, प्रगत वर्ग त्यातील एकही तास घेणार नाही, असे लेखी द्यावे. जमल्यास पालकांना वरचाच चार संख्यांचा प्रश्न सोडवायला द्यावा. सभा लांबते, पण नंतरच्या तक्रारी कमी होतात.

ज्या मुलांना स्पर्धेची ओढ आहे त्यांच्यासाठी भारतीय गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, ही आठवीपासून देता येते. त्यात तीन तासांत 30 प्रश्न असतात आणि उत्तर पूर्ण संख्येत भरायचे असते. पुढील टप्पे, म्हणजे प्रादेशिक आणि राष्ट्रीय परीक्षा, लेखी सिद्धतांचे असून त्यांची सूत्रे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहेत. दोन-चार मुलांनी ही परीक्षा द्यावी. संपूर्ण वर्ग तिच्या तयारीला जुंपू नये, कारण नुसते उत्तर भरण्याची सवय लागली की वहीतील सिद्धता आक्रसतात.

खर्चाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. छायाप्रती, वह्या, खडू आणि संत्री. संगणक कक्ष असेल तर जिओजेब्रा हे मोफत मिळणारे साधन भूमितीच्या सहा तासिकांपैकी दोनमध्ये वापरावे. उरलेल्या चारांत कंपास आणि पट्टी.

एप्रिलमधील काम

वर्ष संपल्यावर दोघा शिक्षकांनी एक दुपार काढून 24 प्रश्नपत्रके समोर ठेवावीत आणि प्रत्येकाच्या मागे तीन गोष्टी लिहाव्यात : कोणता प्रश्न कोणीच सोडवला नाही, कोणता सर्वांनी दहा मिनिटांत उडवला आणि कोणत्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर आले. पहिल्या दोन प्रकारचे प्रश्न बदलावेत. तिसऱ्या प्रकारची उत्तरे, मुलाच्या हस्ताक्षरातच, छायाप्रत काढून फाइलमध्ये लावावीत. किती मुले जुलैत आली, किती फेब्रुवारीत उरली आणि गेलेल्यांपैकी किती जण बसच्या वेळेमुळे गेले, हेही त्याच फाइलमध्ये लिहावे. फाइल शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, शिक्षकाच्या घरी नव्हे, आणि तिच्या पहिल्या पानावर पुढील जुलैतल्या पहिल्या जोडतासिकेची तारीख आधीच लिहून ठेवावी.